मेजरला शनिवार कळत नव्हता

मेजर आयुष्यात एकाच माणसाला चावला आणि तो माणूस त्याचा मालक होता. दोनदा चावला, दोन्ही वेळा शनिवारी, दोन्ही वेळा डाव्या पोटरीला. एरवी त्याच्या नावावर कसलाही गुन्हा नाही. पोस्टमनला तो फाटकापर्यंत सोडायला जायचा. एकदा बंगल्यात चोर शिरू पाहत होता, तेव्हा मेजर त्याच्या पिशवीचा वास घेत शेजारी बसून राहिला होता. चोरच घाबरून पळाला, आणि ते श्रेय आम्ही मेजरला दिलं. पण मालकाला चावणाऱ्या कुत्र्याला लोक ठेवत नाहीत, आणि त्यांचंही काही चुकत नाही. त्या पावसाळ्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत आमच्या घरात जे झालं ते लिहून ठेवायचं बरीच वर्षं मनात होतं. आई होती तोवर लिहिलं नाही, कारण तिने वाचून घेतलं असतं आणि म्हणाली असती, एवढं काय झालं होतं?

आम्ही लोणावळ्याच्या वरच्या अंगाला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. मूळचे कार्ल्याकडचे. गावाकडची भाताची खाचरं चुलते बघायचे, आणि दादा, म्हणजे माझे वडील, या बंगल्याचे माळी होते. माळी म्हणजे रखवालदारही, नळ दुरुस्त करणारेही आणि पाहुणे आले की बंब पेटवणारेही. बंगला मुंबईच्या एका साहेबांचा. साहेब आणि बाई शनिवारी सकाळी गाडीने यायचे आणि रविवारी उन्हं कलली की जायचे. पाच दिवस बंगला आमच्या ताब्यात असायचा आणि दोन दिवस आम्ही बंगल्याच्या ताब्यात.

शनिवारचे आमचे नियम होते. शुक्रवारी दुपारनंतर चुलीवर बोंबील भाजायचा नाही, कारण वास पडद्यांना धरतो. कोंबड्या डालग्याखाली. रेडिओ बंद. पाढे मनातल्या मनात. दादा खोकलासुद्धा गिळायचे. तोंड लाल व्हायचं, पण आवाज यायचा नाही. खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला की आई पदर डोक्यावरून घ्यायची, दादा टोपी झटकून घालायचे, आणि मी पायरीवर पुस्तक उघडून बसायची, कारण माळ्याची मुलगी अभ्यास करते हे पाहून बाईंना बरं वाटायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं असं आठवत नाही. बंगल्यात राहून राहून अंगवळणी पडलं होतं. दादांची तर अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत ते बंगल्याच्या व्हरांड्यात एकदाही टेकले नव्हते. फरशी पुसताना उकिडवे बसायचे, ते बसणं ते धरत नसत. ही गोष्ट ते पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, इतर लोक आपली शेती सांगतात तशी.

मेजरला साहेबांनीच आणलं, दीड महिन्याचं पिल्लू असताना, बाईंच्या शालीत गुंडाळून. अस्सल अल्सेशियन आहे, म्हणाले. पुढे त्याचा एक कान उभा राहिला आणि दुसरा आयुष्यभर आडवाच राहिला, पण साहेबांनी शब्द मागे घेतला नाही. कुत्रा साहेबांचा असल्यामुळे दादा त्याला अहो-जाहो करायचे. आईला अगं, मला कार्टे, आणि कुत्र्याला, "मेजर, खाली उतरा. मेजर, ह्ये बरं न्हाई तुमचं." आमच्या गावाकडे कुत्र्याशी बोलायला एकच शब्द आहे, हाड्, आणि तो सगळ्या प्रसंगांना पुरतो. चुलते एकदा आम्हाला भेटायला आले होते, त्यांनी दादांना पिल्लाची विनवणी करताना ऐकलं, आणि चहा न घेता बराच वेळ नुसते फाटकाकडे बघत बसले.

पिल्लाचे सगळे अवगुण मेजरमध्ये होते. तो चपला खायचा, आणि त्याही जोडीतली एकच. आईने कोणाचं तरी ऐकून चपलांना मिरचीचा ठेचा चोळला. दोन दिवस तो शिंकला, तिसऱ्या दिवशी ठेच्यासकट चप्पल खाल्ली, आणि तेव्हापासून भाकरीवर ठेचा नसला तर भाकरीकडे बघेना. शाळेतून आले की अंगावर झेप घ्यायचा. माझ्या पांढऱ्या ब्लाऊजवर छातीवर दोन पंजे उमटलेले असायचे आणि आमच्या वर्गबाई म्हणायच्या, तुमच्या घरी इस्त्री अशी करतात का? आम्ही ओरडायचो तसा तो जास्त उड्या मारायचा, कारण आमचं ओरडणं त्याला उत्साहाचं वाटायचं. बंगल्यात गालिच्यावर घाण केली की दादा त्याला दोन तासांनी तिथे नेऊन समजावून सांगायचे. मारणं शक्य नव्हतं, साहेबांचा कुत्रा. मेजर मान वाकडी करून सगळं ऐकून घ्यायचा, आणि मला वाटतं, त्याची अशी समजूत झाली होती की गालिचा ही दादांची बोलायची जागा आहे.

आता तळेगावला माझ्या मुलाकडे कुत्रा आहे. त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा एक मुलगी स्कूटरवरून शिकवायला येते. ती सांगते, झेप घेतली की ओरडू नका, पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की मग लाड करा. चावायला त्याची स्वतःची वस्तू द्या. घाण केली तर नंतर रागावू नका, त्याला कळत नाही कशाबद्दल ते. वेळेवर बाहेर न्या आणि बाहेर केली की शाबासकी द्या. मुलगा हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतो. मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि मला इंदुरीचे दगडूभाऊ आठवतात. पण ते पुढे येतील.

आधी खुर्ची. व्हरांड्यात वेताची एक आरामखुर्ची होती, लांब हातांची, पाठ मागे कललेली. ती साहेबांची. बाई झोपाळ्यावर बसायच्या, पाहुणे लोखंडी खुर्च्यांवर बसायचे, वेताच्या खुर्चीत साहेबांशिवाय कोणी बसायचं नाही. आणि सोमवार ते शुक्रवार, दुपारी तीन वाजता, दादा मागच्या उतारावर गवत काढायला गेले की त्या खुर्चीत आई बसायची.

मला हे कळलं ते एकदा शाळा लवकर सुटली तेव्हा. आईने आधी पाय पदराने पुसले होते. खुर्चीवर स्वतःचा जुना टॉवेल अंथरला होता, डाग पडू नये म्हणून. आणि ती नुसती बसली होती. हातात तांदूळ निवडायचं सूप नाही, विणकाम नाही, काही नाही. पहाटे पाचपासून चालू असलेली माझी आई, जिला मी बसलेली पाहिली ती फक्त चुलीपुढे, ती दरीकडे तोंड करून, मान मागे टेकून बसली होती, आणि तिच्या पायाशी मेजर, तेव्हा बोक्याएवढा असेल. दुपारची राहिलेली चतकोर भाकरी ती तुकडा तुकडा करून त्याला देत होती. मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, "सुमे, दादांना सांगायचं न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय." वीस मिनिटांनी उठली, टॉवेल उचलला, उशी थोपटून फुगवली, खुर्ची होती त्याच फरशीच्या रेघेवर सरकवली, आणि भांडी घासायला गेली. मला त्या वयात एवढंच वाटलं की आई काहीतरी चोरतेय, पण काय चोरतेय ते सापडेना.

त्या वर्षी पाऊस फार झाला. घाटात दरड आली, मग साहेबांची तब्येत, मग कुणाचं लग्न, असं करत अडीच महिने साहेब आलेच नाहीत. शनिवार आले आणि गेले, आम्ही दर शुक्रवारी बोंबील बंद ठेवला, कोंबड्या झाकल्या, आणि रविवारी पुन्हा उघडल्या. त्या अडीच महिन्यांत मेजर पिल्लाचा कुत्रा झाला. रोज तीन वाजता आई खुर्चीत, रोज मेजर तिच्या पायाशी, रोज चतकोर भाकरी ठेचा लावून. बाहेर धुकं इतकं की फाटक दिसायचं नाही. त्याच्या लेखी जग एवढंच होतं, ही खुर्ची, तीत बसलेली माझी आई आणि ही भाकरी.

मग पाऊस उघडला आणि एका शनिवारी साहेब आले. मेजर गाडीपर्यंत धावत गेला, शेपटी हलवली, बाईंचा हात चाटला. साहेब खूश झाले. व्हरांड्यात आले, हाश्श करून वेताच्या खुर्चीत बसले, आणि मेजरच्या गळ्यातून असा आवाज आला की आम्ही तो कधी ऐकलाच नव्हता. साहेब म्हणाले, "काय रे?" आणि त्याला थोपटायला हात पुढे केला. पुढचं सगळं फार पटकन झालं. पोटरीला दोन दात लागले होते, खोल नाही, पण पँट फाटली होती. साहेब उठून उभे राहिल्याबरोबर मेजर गप्प झाला आणि शेपटी हलवायला लागला. दादांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांना स्वतःला चावला असता तर त्यांनी तो चेहरा केला नसता.

मी आईकडे बघितलं. आई झोपाळ्यामागे हळद घेऊन उभी होती. तिला सगळं कळलं होतं, आणि मला कळलंय हेही कळलं होतं.

पुढचे पंधरा दिवस दादांनी मेजरवर उपचार केले. मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जळल्या, खाट सुटली, आणि आम्ही तिघं खोकून बाहेर आलो. ठेच्यावर वाढलेला मेजर मिटक्या मारत आत बसून राहिला. चुलत्यांनी सांगितल्यावरून त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं, पळक्या गुराला बांधतात तसलं लाकूड. ते त्याने दोन दिवसांत चावून अर्धं केलं. पुढच्या शनिवारी दादांनी त्याला सकाळपासून साखळीला बांधून ठेवलं, तर तो दिवसभर असा भुंकला की साहेब जेवण झाल्यावर लगेच परत निघाले. मग दादांनी प्रयोग करून पाहिले. साहेबांची जुनी हॅट घालून फाटकातून आले. साहेबांसारखं "काय रे?" म्हणाले. बाईंनी टाकून दिलेल्या अत्तराच्या बाटलीत पाणी घालून अंगावर शिंपडलं. मेजरने दर वेळी शेपटी हलवली. रोग सोमवारी दिसायचाच नाही. दादा व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहून म्हणायचे, "मेजर, तुमचं दुखनं काय त्ये तरी सांगा." एक गोष्ट मात्र त्यांनी करून पाहिली नाही. खुर्चीत बसून पाहिलं नाही. तो विचार त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मेजर पुन्हा चावला. त्याच खुर्चीत, त्याच पोटरीला. या वेळी साहेब ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. म्हणाले, "रामभाऊ, पुढच्या शनिवारी जनावरांच्या डॉक्टरला बोलावून घ्या. इंजेक्शन देऊन टाकू. उगीच हाल नकोत." दादा हो म्हणाले. साहेबांना नाही म्हणायचा शब्द त्यांच्यापाशी नव्हताच. बाईंनी मध्ये पडून एवढं केलं, की डॉक्टर दुपारी येऊ दे, सकाळी आधी एका माणसाला दाखवू. इंदुरीला एक दगडूभाऊ म्हणून आहेत, पोलिसांची कुत्री सांभाळून निवृत्त झालेले. ते म्हणाले कुत्रं बिघडलंय, तर बिघडलंय.

तो आठवडा मी आईच्या मागे मागे फिरले. दळण आणताना, कपडे वाळत घालताना. आई, सांग ना. आई चार दिवस काही बोलली नाही. त्या चार दिवसांत ती तीन वाजता खुर्चीकडे गेलीही नाही, मेजर मात्र वेळेवर जाऊन खुर्चीखाली बसायचा आणि रिकाम्या खुर्चीकडे वर बघत राहायचा. शुक्रवारी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "सांगितलं तर खोल्या जातील. खोल्या गेल्या की तुझी शाळा गेली. कार्ल्याला परत जायाचं, जावेच्या हाताखाली. आनि तुझ्या दादांचं काय? अकरा वर्सं लोकांना सांगत आले, आमी व्हरांड्यात बी टेकत न्हाई." भाकरी तव्यावर टाकली. "एका कुत्र्यासाटी." ते ती मला सांगत होती की स्वतःला, कळेना. मला फार राग आला होता तिचा. शाळा जाईल म्हणून मी मनातून गप्पही झाले होते, आणि त्याचाही राग आला होता.

दगडूभाऊ शनिवारी सकाळी आले. इंदुरीहून बसने तळेगावपर्यंत आणि पुढे आगगाडीने. बुटके, पांढऱ्या मिशा, पायात पोलिसातले बूट, आणि खांद्याला पिशवी, तिच्यात शेव. ते मेजरशी काही बोलले नाहीत, त्याच्याकडे बघितलंही नाही. जांभळाखाली बसून शेव खाल्ली. मेजर त्यांच्या अंगावर उडी मारायला गेला तर त्यांनी नुसती पाठ फिरवली. तीनदा असं झालं आणि चौथ्यांदा मेजर त्यांच्यापुढे गपचूप बसला. मग त्याला एक शेव मिळाली. दादा हे बघून हात जोडायच्या बेतात होते.

साहेब आल्यावर दगडूभाऊंनी त्यांना फिरवून पाहिलं. साहेब, फाटकापर्यंत जावा. साहेब, पायरीवर बसा. झोपाळ्यावर बसा. लोखंडी खुर्चीवर बसा. मेजर दर वेळी शेपटी हलवत त्यांच्यामागे. "आता त्या वेताच्या खुर्चीजवळ जावा. बसू नका, नुसता हात ठेवा." साहेबांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि मेजर गुरगुरला. "बास," दगडूभाऊ म्हणाले. "कुत्र्याला सायबांचं वावडं न्हाई. ते राखन करतंय. ही खुर्ची कुनाची तरी हाय, असं त्येला वाटतंय." मग मिशीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "ह्या खुर्चीत रोज कोन बसतं?"

"कोनी न्हाई," दादा म्हणाले.

"बसतं कोनतरी."

दादा पुढे झाले. टोपी काढली. "भाऊ, अकरा वर्सं झाली मला हितं. म्या कधी पायरीवर टेकलो न्हाई. माझ्या पोरीची शपत घेऊन सांगतो, साहेब सोडून त्या खुर्चीला मानसाचं अंग लागलेलं न्हाई."

दगडूभाऊंनी दादांकडे बराच वेळ बघितलं. त्यांना माणूसही वाचता येत असावा, कारण ते हळूच म्हणाले, "तुमी खरंच बोलताय. मग कुत्रं खोटं बोलतंय. पन बत्तीस वर्सांत मला खोटं बोलनारं कुत्रं भेटलं न्हाई."

साहेब म्हणाले, "म्हणजे वेडंच. डॉक्टरांना किती वाजता सांगितलंय, रामभाऊ?"

त्याच वेळी आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला. पदर डोक्यावरून नीट केला. मग पदराच्या टोकाने आधी उजवा पाय पुसला, मग डावा, रोजच्यासारखा, आणि साहेबांच्या समोरून जाऊन वेताच्या खुर्चीत बसली. टॉवेल नव्हता, तेवढाच फरक. मेजर उठला, दोन पावलं चालला, तिच्या पायाशी अंग टाकलं, हनुवटी तिच्या पावलावर ठेवली आणि नाकातून मोठा श्वास सोडला. शनिवार होता, साहेब होते, बाई होत्या, त्याला काही फरक पडला नाही.

"मी बसते," आई म्हणाली. "रोज तीनला. त्याची काय चूक न्हाई."

दादांच्या हातातली टोपी हातातच राहिली. आता शाळा गेली हे कळत होतं, आणि तरी मला आठवतं, मला आईचा इतका अभिमान वाटला होता की रडू येत होतं. दगडूभाऊंनी स्वतःचा कप उचलला आणि चहा बशीत ओतून प्यायले, मोठा आवाज करून.

शेवटी साहेब म्हणाले, "मला विचारायचं तरी."

आई खुर्चीतूनच म्हणाली, "इचारलं असतं, तर व्हय म्हनला असता का?"

साहेबांनी खरोखर विचार केला. चष्मा काढून विचार केला. मग म्हणाले, "नाही."

"मंग," आई म्हणाली.

झोपाळ्यावर बाईंना हसू फुटलं, आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. त्या व्हरांड्यात आवाज गिळणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच दुसरा कोणी होता. साहेब लोखंडी खुर्चीवर बसले, चहा प्यायले, साखर कमी आहे म्हणाले. डॉक्टरांना नको म्हणून निरोप गेला. आम्हाला खोल्या सोडा असं कोणी म्हणालं नाही. तेव्हा मला तो साहेबांचा मोठेपणा वाटला. नंतर माझं स्वतःचं घर झालं, कामाला माणसं ठेवली, तेव्हा लक्षात आलं की अकरा वर्षं खोकला गिळणारा माळी दुसरीकडे मिळत नाही. पण "नाही" हे ते खरं बोलले, ते मी आजही त्यांच्या बाजूला धरते.

दगडूभाऊंनी इलाज सांगितला तो असा. आईने खुर्चीत बसायचं नाही. आठवडाभर मेजरला खाणं आमच्या दाराशी, खुर्चीजवळ एक तुकडा नाही. शनिवार-रविवारी त्याची भाकरी साहेबांनी स्वतः द्यायची, पहिल्या दिवशी खुर्चीपासून दहा पावलांवर, मग सात, मग चार, आणि गुरगुरला तर ओरडायचं नाही, चार पावलं मागे यायचं. घाई नाही, मार नाही. आणि दादांना म्हणाले, "कुत्र्याला अहो म्हना, हरकत न्हाई. पन एकदाच म्हना. धा वेळा म्हनलं की ते दहाव्या वेळेची वाट बघतं." हे सगळं चार वाक्यांत सांगून ते उरलेली शेव मेजरला देऊन इंदुरीला गेले. जाताना आईला म्हणाले, "ताई, कुत्रं चांगलं राखलंय तुमी." कुत्रं कोणाचं, यावर तिथे कोणी हरकत घेतली नाही.

त्या शनिवारपासून दादा आईशी बोलायचे थांबले. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलणं बंद. पण घर चालवायला बोलावं लागतं, तर ते मेजरमार्फत बोलायचे. जेवायला बसले की म्हणायचे, "मेजर, कालवनात मीठ हाय का इचारा." आई म्हणायची, "मेजर, हाय म्हनावं." मेजर एकाकडून दुसऱ्याकडे बघायचा. "मेजर, उद्या वडगावला तलाठ्याकडं जायाचं हाय, डबा लागंल." "मेजर, भाजी कशाची पायजे?" मी मध्ये बसून जेवायची. तीन आठवडे असंच चाललं. गंमत म्हणून सांगते खरी, पण तेव्हा गंमत नव्हती. दादा रात्री कुशीवर वळून पडायचे आणि जागे असायचे, ते श्वासावरून कळायचं. त्यांचा राग आई बसली याचा नव्हता, असं मला आता वाटतं. त्यांनी माझी शपथ घेतली, आणि ती खोटी पडली, आणि त्यांच्या घरात त्यांनाच ठाऊक नव्हतं, याचा होता. कदाचित आणखीही कशाचा असेल. ती खुर्ची अकरा वर्षं त्यांच्याही समोरच होती.

साहेबांनी मात्र मनापासून शिकवलं. शनिवारी आल्याबरोबर बाह्या सरसावून भाकरी मागायचे. पहिल्या वेळी कोरडीच नेली, मेजरने वास घेऊन मान फिरवली, तेव्हा साहेबांना आमच्या खोलीच्या दाराशी येऊन आईकडे ठेचा मागावा लागला. दहा पावलं, सात, चार. तिसऱ्या रविवारी साहेब खुर्चीत बसले आणि मेजरने त्यांच्या हातून चतकोर भाकरी खाल्ली, मान त्यांच्या बुटावर ठेवली आणि झोपला. साहेबांच्या बोटांना दिवसभर ठेच्याची आग होत होती, आणि डोळ्यालाही हात लावून घेतला होता त्यांनी. लाल डोळ्याने हसत होते. मेजरला शेवटी कळलं, खुर्ची कोणाची.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. मी शाळेतून आले तेव्हा तीन वाजून गेले होते. आई व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, खुर्चीकडे पाठ करून, सुपात तांदूळ घेऊन. मेजर खुर्चीखाली. दादा मागच्या उतारावरून आले. नळावर पाय धुतले. टाच दगडाने घासली. मग पायऱ्या चढून आले, आईच्या शेजारून, आणि व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. आणि वेताच्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे काय, पुढच्या कडेवर टेकले, एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथा बसतो तसे.

मेजर गुरगुरला.

दादा निम्मे उठले. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाले.

आईने मागे वळूनही बघितलं नाही. हात तांदळातच होता. "मेजर, गप," ती म्हणाली. "आपलंच मानूस हाय त्ये."

मेजरने एक उभा कान आणि एक आडवा कान घेऊन तिच्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली डोकं ठेवलं. दादा परत टेकले. थोड्या वेळाने जरा मागे सरकले. मग आणखी मागे. पाठ वेताला लागली तेव्हा वेत करकरला, आणि ते दचकून थांबले, पण उठले नाहीत. समोर दरी होती, खालच्या बाजूला भाताची पिवळी खाचरं होती. दादांना खोकला आला आणि ते मोठ्याने खोकले.

मग म्हणाले, "तू हितं बसून काय बगायचीस गं?"

मेजरने डोकं वर केलं, कारण तीन आठवडे घरातलं सगळं त्याच्यामार्फत चालत होतं. पण त्याला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"काय न्हाई," आई म्हणाली. "नुस्ती बसायची."

दादा मग नुसते बसले. आईचे तांदूळ निवडून होईपर्यंत बसले.